संगणकाला सुटलेला घाम

अरबी आखाताच्या किनाऱ्यावर थंडीमुळे एखादे यंत्र अडले, असे कोणी सांगितले तर ऐकणारा हसल्यावाचून राहणार नाही. दुबई-शारजाचा उन्हाळा ज्याने एकदा भोगला आहे, त्याला येथे थंडीचे गाऱ्हाणे सांगणे म्हणजे गंगेत उभे राहून तहानेने व्याकूळ झाल्याचे सांगणे वाटेल. तथापि हे हसणे अस्थानी आहे. या देशात थंडी आहे आणि ती बारा महिने आहे. ती आकाशातून येत नाही, भिंतीवरील यंत्रातून येते, इतकेच. बाहेर ४० अंशांचा उष्मा असताना दिवाणखान्यात २२ अंश राखणारी आपली घरे ही उत्तर युरोपातील घरांची जणू उलटी प्रतिमाच होय. तेथे माणसे उबदार घरातून गारठ्यात पाऊल टाकतात, येथे गारठलेल्या घरातून भट्टीत. त्यामुळे थंड देशांत ऐन हिवाळ्यात बाहेरून आत आणलेल्या संगणकाची जी गत होते, तीच येथे ऐन ऑगस्टमध्ये आतून बाहेर नेलेल्या संगणकाची होते.

स्मरणिकेत सण, संस्कार आणि भाषा यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. त्यात संगणकाचा विषय काहीसा क्षुद्र भासेल, हे मी जाणतो. परंतु या क्षुद्र वस्तूपायी आपल्या घरांत दरवर्षी एक लहानसा अन्याय घडतो, आणि तो आपल्या हातून घडावा हे आपल्या इतिहासाला शोभणारे नाही. म्हणून हा प्रपंच.

येथील घरे बहुतेकांची भाड्याची, करार बहुधा वर्षाचा. मुलांच्या शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून बिऱ्हाड हलविण्याचे कामही पुष्कळदा त्याच दिवसांत निघते. १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्या उन्हात काम करून घेण्यास या देशात सरकारी मनाई आहे. हा नियम सर्वथा स्तुत्य होय. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबलेल्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना असा नियम लाभला नव्हता, हे नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. तेव्हा जड सामान हलते ते सकाळी लवकर, नाहीतर दिवस कलल्यावर; आणि समुद्रावरून आलेली दमट हवा किनाऱ्यावर दाटून बसलेली असते तीही नेमकी त्याच वेळी.

सामान नव्या घरी पोहोचते. खाटा अजून जोडलेल्या नसतात, भांडी खोक्यांत असतात. पण संगणक मात्र तत्काळ जोडला जातो, कारण मुलांना धीर नसतो आणि खरे सांगावयाचे तर वडिलांनाही नसतो. कळ दाबली जाते. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. किंवा पंखाही फिरत नाही. आणि मग घरातील कर्त्या पुरुषाच्या मुखातून पहिले वाक्य बाहेर पडते: ‘हमालांनी आपटला!’ या एका वाक्याविषयीच मला लिहावयाचे आहे.

प्रथम निसर्गाचे म्हणणे ऐकून घेऊ. हवेत पाण्याची वाफ असते आणि ती किती मावेल हे हवेच्या उष्णतेवर ठरते. २२ अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १९ ग्रॅम वाफ मावते. ३५ अंशांच्या हवेत ती जवळजवळ ४० ग्रॅम मावते. ऑगस्टमधील सायंकाळी हवा ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. अशी हवा २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूस लागली की तिला आपला भार सोसत नाही व ती जास्तीचे पाणी त्या वस्तूवर सोडते. या २६ अंशांना दवबिंदू म्हणतात. याच आखाताच्या काठी, सौदी अरेबियातील धाहरान येथे, ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर नोंदला गेला होता. यावरून या समुद्राच्या वाफेचा जोर ध्यानी येईल. शारजातील खिडक्यांच्या काचांवरून उन्हाळ्यात बाहेरच्या बाजूने ओघळ वाहतात, दुबई मेट्रोच्या स्थानकातून बाहेर येताच चष्मा पांढरा होतो, पाऊस नसताना पहाटे मोटारीच्या काचेवरील वायपर फिरवावे लागतात. हे सारे आपण रोज पाहतो. २२ अंशांच्या खोलीत दिवसभर राहिलेला संगणक जेव्हा उद्वाहनातून खाली उतरवून पदपथावर ठेवला जातो, तेव्हा त्याचेही तेच होते. चष्म्याचा घाम आपल्याला दिसतो. संगणकाचा दिसत नाही, कारण तो पेटीच्या आत सुटतो. पेटीला हवा खेळण्यासाठी जागोजागी भोके असतात. प्रोसेसरवर बसविलेला तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा ठोकळा सर्वांत उशिरा तापतो, आणि म्हणून पुष्कळदा तोच सर्वाधिक ओला होतो.

हे ज्ञान नवे नाही. जहाजावरील माणसांना ते संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशाकडे जाताना मालाच्या कोठारात बाहेरची हवा घेऊ नये, कारण थंड मालावर पाणी सुटते. उष्ण प्रदेशातून थंडीकडे जाताना मात्र वारा खेळता ठेवावा, नाहीतर पोलादी छताला पाणी धरून ते खालच्या गोणींवर ठिबकते, असा तेथील नियम आहे. साखरेच्या गोणी जहाजात चढविण्यात ज्यांच्या घरातील माणसांचे आयुष्य गेले, त्यांना ओल लागलेल्या साखरेचे दगड होतात हे मी सांगावयास नको. संगणकाची पेटी हेही एक लहानसे कोठारच आहे.

आता या पाण्याने नेमके काय होते? निव्वळ दव हे बऱ्यापैकी शुद्ध पाणी असते आणि शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु येथील संगणकात केवळ दव नसते. वर्षभर साचलेली वाळवंटाची बारीक धूळ असते व त्या धुळीत समुद्राचे मीठ असते. मिठाचा गुण असा की हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते आपण होऊन पाणी ओढून विरघळू लागते. धूळ, मीठ व दव यांचा जो चिखल मदरबोर्डवर होतो, त्यातून वीज सुखाने वाहते, आणि नको तेथे वाहते. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. ओला असून वीज न मिळालेला संगणक बहुधा वाळल्यावर पूर्ववत चालतो. ओला असताना वीज दिलेला संगणक काही मिनिटांतही कायमचा जाऊ शकतो. आणि ‘मी तर कळ दाबलीच नव्हती’ हे समर्थन पुरेसे नाही. प्लग भिंतीत असून तेथील बटण चालू असले की, संगणक बंद असतानाही पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टांचा एक क्षीण प्रवाह मदरबोर्डला मिळतच असतो. तांब्याच्या सूक्ष्म रेषा कुरतडण्यास तेवढा पुरतो.

म्हणून माझे पहिले मत असे की, घर बदलल्याच्या दिवशी संगणक जोडूच नये. जुन्या घरातून निघण्यापूर्वी, त्या थंड खोलीतच, पेटीतील धूळ झाडून घ्यावी व संपूर्ण पेटी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जास्तीची हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करावे. वातानुकूलित खोलीची हवा कोरडी असते. २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटरात १० ग्रॅमही वाफ नसते. म्हणजे पिशवीत कोंडलेल्या त्या थोड्याशा हवेत अर्धा ग्रॅमही पाणी नाही, आणि वाटेत पेटी तापतच जाणार असल्याने तेही सुटण्याचा संभव नाही. दव जमेल ते पिशवीच्या बाहेरच्या अंगावर, आणि ते फडक्याने पुसता येते. नव्या घरी पोहोचल्यावर पिशवी फोडण्याची घाई करू नये. पुष्कळदा त्या सायंकाळी नव्या घरातील वातानुकूलन नुकतेच सुरू झालेले असते, दारे उघडी असतात, माणसांची ये-जा चालू असते. खोली बाहेरच्याइतकीच दमट असते. रात्रभर यंत्र चालू राहून खोली कोरडी झाली म्हणजे सकाळी पिशवी उघडावी. थंड हवेचा झोत जेथे थेट पडतो तेथे मात्र पेटी ठेवू नये.

पिशवीत न घालताच पेटी आणली असेल आणि ओल दिसत असेल, तर प्लग काढलेलाच ठेवून, बाजूचे झाकण उघडून, वातानुकूलित खोलीत पूर्ण एक दिवस तशीच राहू द्यावी. केस वाळविण्याचे यंत्र फिरवून घाई करण्यात अर्थ नाही. त्याने धूळ आणखी आत जाते आणि नाजूक भाग भलतेच तापतात. तांदळाच्या पिंपात यंत्रे पुरण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी न बोललेले बरे. तांदूळ भातासाठी असतात.

या देशात अस्सल थंडीही क्वचित पडते. रास अल खैमा येथील जेबेल जैस पर्वतावर २००९ आणि २०१७ मध्ये हिम पडले होते, आणि अल ऐनकडील वाळवंटात जानेवारीच्या रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात. अशा रात्री मालमोटारीत राहिलेला जुना पॉवर सप्लाय सकाळी चालू होत नाही व दोन तासांनी विनासायास चालू होतो, असा अनुभव येऊ शकतो. त्यातील कपॅसिटर म्हातारे झाले की थंडीत आखडतात. मॉरिशसमध्ये सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्यूरपीपहून हिवाळ्यात खाली पोर्ट लुईला संगणक नेणाऱ्यांनाही दवाचा हाच हिशेब लागू आहे.

समजा, एक दिवस थांबूनही संगणक उठला नाही. तरीही निकाल देण्याची वेळ आलेली नाही. चौकशीला क्रम असावा, आणि तो बाहेरून आत असा असावा. भिंतीतील जागा जिवंत आहे काय, हे टेबलावरचा दिवा लावून पाहावे. येथील आणि मॉरिशसमधीलही तीन चपट्या पिनांच्या प्लगमध्ये एक लहानसा फ्यूज असतो. तो गेला असल्यास दहा मिनिटांचे काम. पॉवर सप्लायच्या मागे एक स्वतंत्र बटण असते, ते हलविताना बंद झालेले असते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या काही पॉवर सप्लायवर ११५ आणि २३० असे आकडे असलेली लहान सरकपट्टी असते. येथे ती २३० वरच असली पाहिजे. अमेरिकेतून आणलेला संगणक ११५ वर ठेवून येथील विजेला जोडला तर धडाका होतो, आणि त्याचा दोष ना थंडीचा ना हमालाचा. मॉनिटरची केबल तर नेहमीची फसवी. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावावयाची असते. घाईत ती वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत लावली जाते, पडदा काळा राहतो आणि घरात हाहाकार उडतो.

एवढे झाल्यावर आत शिरावे. प्लग भिंतीतून काढावा, चालू करण्याची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरून उरलीसुरली वीज निघून जाऊ द्यावी, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी, आणि मगच झाकण काढावे. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवाव्या, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या ‘टक्’ असा आवाज करीपर्यंत. हा साधा उपाय इतक्यांदा लागू पडतो की नवख्याला तो जादूटोणाच वाटावा. पण कारण साधे आहे. थंडी-उष्म्याने धातू आकुंचन-प्रसरण पावतो, गाडीच्या हादऱ्यांनी पट्टी केसभर सरकते, संपर्काच्या जागी गंजाचा सूक्ष्म थर असतो. पट्टी काढून बसविताना तो घासून जातो. एकाहून अधिक पट्ट्या असतील तर एकेकटीने चालवून पाहावे. तीच गोष्ट ग्राफिक्स कार्डाची, मदरबोर्डच्या मोठ्या चोवीस पिनांच्या जोडणीची आणि डिस्कच्या केबलींची. संगणक चालू होतो पण वेळ-तारीख चुकीची दाखवितो, असे असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टांची बॅटरी बदलावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व काय केले ते कागदावर टिपावे. पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तीत प्राणघातक विजेचा साठा काही काळ राहतो.

आता हमालांकडे वळतो. खरोखरीच आपटलेल्या संगणकाच्या अंगावर खुणा असतात. कोपरा चेपलेला असतो, पुढचे प्लॅस्टिक तडकलेले असते, प्रोसेसरवरील ठोकळा एका बाजूने सुटलेला असतो, किंवा हार्ड डिस्क ठराविक अंतराने ‘टक टक’ करते. यांपैकी काहीही नसताना ‘आपटला’ म्हणणे हा निव्वळ तर्क आहे, आणि त्या तर्कावर दुसऱ्याची मजुरी कापली जाते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने ऑगस्टमध्ये शारजाहून अजमानला बिऱ्हाड नेले. संगणक उठला नाही म्हणून ठरलेल्या पैशांतून दोनशे दिऱ्हम वळते करून घेतले. मुकादमाने ते अर्थातच आपल्या खिशातून दिले नाहीत. सामान वाहणाऱ्या दोघांच्या वाट्यातून गेले. तिसऱ्या दिवशी मुलीने रॅमची पट्टी काढून पुन्हा बसविली, आणि संगणक चालू झाला. तोपर्यंत ती माणसे कोठे गेली, कोणाला ठाऊक? कोणी पेशावरकडचा, कोणी चितगावकडचा, कोणी नेपाळचा. दिवसाला तीन घरांचे ओझे पाठीवर घेणारी ही माणसे परत येऊन हिशेब मागत नाहीत.

आपण कोणाचे वंशज आहोत, हे अशा वेळी आठवावे असे मला वाटते. रत्नागिरी-सावंतवाडीकडून निघून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या आपल्या करारबद्ध पूर्वजांच्या मजुरीतून एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे पैसे कापले जात. ‘डबल कट’ या नावाने ती पद्धत कुप्रसिद्ध आहे. आजारी होतो की नव्हतो, हे ठरविणारा मळ्याचा मालक. ऐकून घेणारा कोणी नाही. चौकशीवाचून कापलेली मजुरी कशी बोचते, याची कथा आपल्या घरांत चार पिढ्या सांगितली गेली. ती ऐकून वाढलेल्या माणसाने एका अडलेल्या यंत्रासाठी तेच करावे, हे मला अत्यंत अनुचित वाटते. काहींचे म्हणणे असे की, धाक नसला तर हे लोक सामान नीट हाताळीत नाहीत. त्यांना मी एवढेच विचारीन की, धाकाने दव पडावयाचे थांबते काय? नुकसान सिद्ध झाले तर भरपाई जरूर मागावी, तीही सामान नेणाऱ्या व्यवसायाच्या मालकाकडे, लेखी. आणि तेही संगणक एक दिवस वाळवून, वरील क्रमाने तपासून झाल्यावर. ठरलेली मजुरी मात्र त्याच सायंकाळी, पूर्ण, आणि शक्य तर पाण्याच्या बाटलीसह द्यावी.

घाईच्या निकालाचे दुसरे नुकसान आपल्या स्वतःच्या पदरी येते. ‘जळला’ असे ठरविलेला संगणक कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवला जातो व नवा आणला जातो. जुन्याबरोबर त्याची हार्ड डिस्कही जाते. वस्तुतः पॉवर सप्लाय जळला किंवा मदरबोर्ड गेला तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की आतील सर्व काही मिळू शकते. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत डिस्क पुष्कळदा कुलूपबंद असते, व दुसऱ्या यंत्रावर उघडताना ती ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली बिऱ्हाड हलविण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावी.

आणि त्या डिस्कवर काय असते? मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आपल्या पूर्वजांच्या आगमनाची पुस्तके आहेत. नाव, बापाचे नाव, वय, गाव, जहाज, आगमनाचा दिवस आणि एक क्रमांक, काहींसोबत छायाचित्रही. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले ते नाव, गावाचे ते वेडेवाकडे स्पेलिंग, यांवरून कोकणातील आपले गाव शोधण्यात आपल्यापैकी कित्येकांनी सुट्या खर्ची घातल्या आहेत. त्या उताऱ्यांच्या प्रती, आजीच्या तोंडच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, गेल्या पिढीच्या लग्नांची छायाचित्रे, हे सारे आता बहुधा एकाच संगणकात, एकाच प्रतीत असते. मूळ नोंद मोक्याला सुरक्षित आहे, ती पुन्हा मिळेल. आजीचा आवाज कोणत्याही अभिलेखागारात नाही.

यासाठी मंडळाने दोन गोष्टी कराव्या, अशी माझी सूचना आहे. जूनच्या सभेत एक सायंकाळ राखून, ज्यांचे बिऱ्हाड हलणार आहे त्यांच्या संगणकातील अशा गोष्टींची प्रत वेगळ्या डिस्कवर करून द्यावी; ती डिस्क मालमोटारीत न घालता घरच्या माणसाने पिशवीत घालून हातात न्यावी. आणि मंडळाकडे एक चांगला पॉवर सप्लाय, रॅमच्या दोन पट्ट्या, काही फ्यूज, बॅटऱ्या आणि एक स्क्रूड्रायव्हर असा संच ठेवावा. आपल्या तरुणांपैकी या विद्येत निपुण असलेल्यांची वाण नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्यातील दोघांनी पाळीपाळीने शुक्रवारची संध्याकाळ दिली तरी पुरे. संचाचा खर्च तीनशे-चारशे दिऱ्हमांच्या घरात बसेल, आणि त्यातील माझा वाटा मी या लेखासोबतच खजिनदारांकडे देत आहे.